घट बसलेलं घर

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. नातेवाइकांत माझ्या भक्तीचं कौतुक निघालं की मी मान खाली घालतो आणि लोकांना तो विनय वाटतो.

साथीच्या वर्षी, नवरात्राच्या तोंडावर, बायको अकोल्याला जठारपेठेत मुलीकडे गेली होती. तिथंच तिला ताप आला, मग दवाखाना. अमरावतीच्या घरात मी एकटा. दरवर्षी ती घट बसवायची, त्या वर्षी मी बसवले. घट बसले की घराला कुलूप लावायचं नाही, अखंड दिवा विझू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत.

मुलीचा फोन आला. "बाबा, आई तुमाले विचारून राहिली. खिडकीच्या काचेतून पाहू देतात. याच तुमी."

"घट बसले न बाई. घर कसं सोडू?"

शेजारीण कुंपणापलीकडून ऐकत होती. "काकाजी, तुमी जा बिनघोर. दिव्यात तेल मी घालतो. देवी काय तुमालेच ओळखते?"

मी हसून वेळ मारून नेली. खरं म्हणजे मला त्या दवाखान्याची भीती वाटत होती. तिथली हवा, तिथली माणसं, ती काचसुद्धा. देवीसमोर हात जोडले की छातीतली धडधड थांबायची. ती शांतता खोटी नव्हती. म्हणूनच तिथून उठवेना.

दुसऱ्या दिवशी बायको स्वतः फोनवर आली, धापा टाकत.

"वात सरकवता येते का तुमाले? बोट भाजून घ्याल."

"येते."

"मले लय भेव लागते इथं. पण तुमी माह्यासाठी देवीपाशी बसले, म्हणून जरासा डोळा लागते. उठू नका."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी "बरं" म्हणालो.

अष्टमीला ती गेली. घरात दिवा जळतच होता.

"आईसाठी बाबा देवीसमोरून हलले नाहीत," असं मुलगी आजही सांगते. मी तिला कधी अडवलं नाही. घट मात्र अजून मीच बसवतो. वात सरकवताना बायकोच्या फोटोकडे नजर जाते, शब्द ओठांपर्यंत येतात आणि तिथंच राहतात. मी तुह्यासाठी नव्हतो बसलो. तुह्यापाशी याले भ्यालो होतो. माफ कर मले.