सुभद्राबाईंनी न लावलेला दिवा

चाकणच्या कांदा बाजारात आपल्यासारखा हमाल नाही, असं निदान कोंडाजीचं तरी मत होतं. दोन-दोन पोती एकदम पाठीवर घ्यायची आणि पाठ बोलू लागली की चहाबरोबर डोकेदुखीची पुडी घशाखाली सोडायची, हा त्याचा शिरस्ता. छप्पन सालच्या दिवाळीनंतर त्याच्या पोटात, छातीच्या जरा खाली, आग पडू लागली. बेंबी सरकली असणार म्हणून तो सुभद्राबाईंकडे गेला.

सरकलेली बेंबी जागेवर आणण्यात बाईंचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. सकाळी उपाशीपोटी माणसाला निजवायचं, बेंबीवर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घालायचा आणि नंतर दूध-भाकरी खाऊ घालायची. कोंडाजी तीनदा गेला आणि तिन्ही वेळा हसत बाहेर पडला. दुपारी पोट पुन्हा पेटलं की दोष पोत्यांना.

चौथ्या खेपेला घरात तेलाचा थेंब नव्हता. सून शेजारून तेल आणेपर्यंत त्याचं कळवळणं बाईंना बघवेना, म्हणून त्यांनी दूध-भाकरी आधीच दिली. तेल आलं तेव्हा गडी भिंतीला टेकून खुशाल बसला होता.

"कोंडाजी, दिवा तर मी लावलाच न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "मग कळ कशी थांबली?"

त्यांनी बेंबीवर बोटं टेकली. बेंबीचा ठोका जागच्या जागी होता, म्हणजे ती सरकलेली नव्हती. जरा वर दाबलं तसा कोंडाजी विव्हळला. मग बाईमाणसानं पुरुषाला विचारू नये ते त्यांनी विचारलं, परसाकडला रंग कसा असतो? कोंडाजी लाजून अर्धा झाला. आठवडाभर डांबरासारखा काळा होता, पण तंबाखूचा असेल म्हणून तो गप्प राहिला होता.

"ही बेंबी न्हाई. आतून रगात जातंय. माझ्या सासऱ्याचं असंच झालं व्हतं, अन् मी दिवं लावीत बसले."

त्याच दिवशी त्यांनी त्याला एसटीनं पुण्याच्या दवाखान्यात नेलं. पोटात जखम आहे आणि पुड्यांनी ती चिघळलीय, असं डॉक्टर म्हणाले. आणखी चार दिवसांनी आणला असता तर हाती लागला नसता. पुड्या आणि तंबाखू सुटली, महिनाभर पथ्य झालं आणि कोंडाजी उठला.

दवाखान्यातून सुटल्यावर घरी जाण्याआधी तो नारळ आणि लुगडं घेऊन सुभद्राबाईंच्या दारात गेला. मी काही केलंच नाही तर हे कशाला, असं त्या म्हणू लागल्या. कोंडाजीनं लुगडं उंबऱ्यावर ठेवलं.

"मावशी, नाव राखायला तू दिवा लावला असतास, तर मी गुमान निजलो असतो."

बाईंनी नारळ घेतला आणि त्याला आधी जेवायला बसवलं.