थराचा पाव

ह्या गोष्टीतला ट्रे मी ओतला. उद्यमनगरातल्या फौंड्रीत मी मोल्डर होतो. वाळूत साचा मारायचा आणि त्यात तापलेला धातू ओतायचा, जन्मभर हेच केलं. शाळा चौथीत सुटली. लिहिता येतं, पण हात वाळूलाच जास्त सरावलाय. वाचताना कुठं खडा लागला तर थुंकून पुढं चला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझी बायको नर्सांच्या होस्टेलात सैंपाकाला जायची. तिथं परगावची एक म्हातारी नर्स होती. ती रविवारी सकाळी पोरींना शिळ्या ब्रेडचा एक प्रकार करून घालायची. ब्रेडचे थर, त्यावर दुधात फेटलेली अंडी, वर चीज, आणि सगळं ओव्हनमध्ये. बायकोनं तो बघितला आणि घरी आणला. चीज तिला पटलं नाही. "साबण चावल्यासारखं वाटतंय," म्हणाली. त्याच्या जागी तिनं कांदा-लसूण चटणी घातली. उकडलेला बटाटा, परतलेला कांदा, कोथिंबीर, दुधावरची साय. नर्सचं त्यात फक्त ब्रेड आणि अंडी राहिली. आमच्या घरात त्याला थराचा पाव म्हणायचे.

आमच्याकडं ओव्हन कुठला? पण गल्लीच्या तोंडाला लाकडाच्या भट्टीची बेकरी होती. दिवाळीत बायका नानकटाईचं पीठ घेऊन तिथं रांग लावायच्या, तशी ही आपला पाव घेऊन जायची. संध्याकाळी थर लावून भिजत ठेवायचा, सकाळी न्यायचा. पहाटेचा पावांचा घाणा निघाला तरी भट्टी बराच वेळ तापलेली असते. त्या उरलेल्या धगीवर बेकरीवाला चाचा हिचं भांडं आत सरकवायचा. आधी ती जर्मनच्या पातळ पातेल्यात करायची. ते धगीनं वाकडं झालं. मग मी फौंड्रीत भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून एक ट्रे ओतला. जाड, चौकोनी, दोन्ही बाजूंना कान. तिनं हातात घेतला आणि म्हणाली, "अवं, ह्यो उचलायला हमाल कोण देणार?"

हमाल कोणी दिला नाही. तिनंच उचलला, शेवटपर्यंत.

घरी पावणं आले की दुसऱ्या दिवशी सकाळी थराचा पाव, हे ठरलेलं. त्यात तिचा एक नियम होता. मधला भाग मऊ आणि फुगलेला असतो, तो पावण्यांना. कडेला ट्रेची धग जास्त लागते, तिथं पाव कडक होतो, थोडा करपतोसुद्धा. ती कड घरच्यांना. खरं सांगायचं तर कडच जास्त चांगली लागायची. आमच्या लेकीला हे लहानपणीच कळलं होतं. पावण्यांसमोर ती शहाण्यासारखी म्हणायची, "तुम्ही मधला घ्या की," आणि स्वतः कड घेऊन परड्यात पळायची.

त्याच लेकीला बघायला गारगोटीची माणसं आली, मुक्काम करून. सकाळी होणाऱ्या व्याह्यानं तुकडा हातात धरून चारी बाजूंनी बघितला.

"केक म्हणावं तर तिखट. आम्लेट म्हणावं तर पाटासारखं जाड. वैनी, ह्याला म्हणायचं काय?"

"म्हणू नगा काय. खावा," ही म्हणाली.

तो खात राहिला. लग्न ठरलं. लेक गारगोटीला गेली.

दोन हजार सालानंतर बायकोला साखरेनं धरलं. आधी डोळे, मग पाय, मग किडनी. एका पावसाळ्याच्या शेवटाला ती गेली. कशी गेली ते लिहीत नाही. गेली.

मला रडू आलं नाही. फौंड्रीत बोटं भाजून भाजून त्यांची टोकं बधिर होतात. गरम काय, गार काय, कळत नाही. तसं आख्खं अंग झालं होतं. माणसं यायची, पाठीवर हात ठेवायची. हात ठेवलाय एवढं समजायचं. जेवायला वाढलं की जेवायचो. उठ म्हटलं की उठायचो.

लेक आली तेव्हा तिला सातवा चालू होता. पोटुशी बाई मयताच्या घरी नको, असं तिच्या सासरी कोणीतरी म्हणालं होतं. तरी जावयानं आणून सोडली. आईचं तोंड तिला बघायला मिळालं.

घर ताब्यात घेतलं माझ्या थोरल्या बहिणीनं. आक्काच्या सासरी सुतक फार कडक. तेरा दिवस फोडणी नाही, कांदा-लसूण नाही, मीठसुद्धा नाही. तेच तिनं आमच्या घरी लावलं. चटणीची बरणी फडक्यात बांधून माळ्यावर टाकली.  मला मीठ आहे काय, नाही काय, कळतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. चौथ्या दिवशी आक्का लेकीला म्हणाली, "बाई, तुझं सुतक फिटलं. लगीन झालेल्या लेकीला तीनच दिवस असतंय. तू आता परक्या घरची. तुला मी न्यारं करून घालतो, फोडणीचं. पोटात जीव हाय तुझ्या."

आक्का वाईट मनानं बोलली नव्हती. पण तिनं लेकीचं ताट वेगळं मांडलं, आमच्यापासून दोन हात लांब. ताटात आमटी होती, भाजी होती. आमच्या ताटात अळणी भात. लेकीनं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि ताट सारलं.

"भूक न्हाई."

त्या दिवसापासून ती जेवली नाही. चहा तेवढा घ्यायची. आक्का ओरडली, समजावलं, शेजारणी आल्या. "भूक न्हाई" एवढंच. मग एका सकाळी नळावर चक्कर येऊन बसली ती बसलीच. रिक्षानं डॉक्टरीणबाईकडं नेली. बाई फटकळ होत्या. वजन बघितलं आणि म्हणाल्या, "आई गेली म्हणून बाळाला उपाशी मारणार काय? दोन दिवसांत खायला लागली नाही तर ॲडमिट करते."

रिक्षात मी विचारलं, "का खाईनास?"

 ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "माझी आई गेली, आबा. आणि सुतक तुमालाच. मला न्हाई."

  रिक्षा दाराशी थांबली. तिला उतरवून आत नेलं आणि मी तसाच मागं फिरून बेकरीत गेलो. कालचा ब्रेड घेतला. दुकानातून अंडी घेतली. घरी येऊन पिशवी आक्कासमोर ठेवली.

आक्कानं आत बघितलं. "अंडी? अरं लेका, डोकं ठिकाणावर हाय काय तुझं? बायकोचं दिवस झालं न्हाईत अजून."

"लेकीला तीनच दिवस म्हणालीस की."

"म्हणून अंडी?"

"पोटातल्या पोराला कुठलं सुतक? त्याला काय ठावं कोण गेलं ते."

"शेगडीवर अंडं चढू द्यायची न्हाई मी."

"तुझी शेगडी नगंच मला. भट्टीत हुतंय ते."

 ती पदर झटकून बाहेर जाऊन बसली.

मी कधी सैंपाक केलेला नाही. पण हिला थर लावताना बघितलं होतं. साचा भरतात तसंच होतं ते. खाली एक थर, दाबून घ्यायचा, मग दुसरा. कांदा परतायला शेगडी मिळणार नव्हती, तसाच कच्चा चिरून घातला. बटाटा आक्कानं दुपारी उकडलेलाच होता. चटणी माळ्यावर होती, मग हिरव्या मिरच्या ठेचून घातल्या. अंडी दुधात फेटून वरून ओतली. ओतायचं काम मला येतं. एका कोपऱ्यातून, सावकाश, फुगा राहू न देता. वर ओलं फडकं टाकलं.

सकाळी ट्रे घेऊन बेकरीत गेलो. चाचा पंधरा दिवस लेकाच्या सासुरवाडीला गेलेला, आदल्या रात्रीच आलेला. त्याला काही माहीत नव्हतं. ट्रे बघून हसला.

"आज तुम्ही? भाभी कुठाय? आणि पावणं कोण आलंय?"

"लेक आलीया," मी म्हटलं.

"व्वा! लेक कवापासनं पावणी झाली?"

मी ट्रे फळीवर ठेवला. मग सांगितलं त्याला. त्याचा हात ट्रेच्या कानावर होता, तो तिथंच राहिला. मग त्यानं ट्रे लांब दांड्याच्या फावड्यावर घेतला आणि आत सरकवला. थोड्या वेळानं आतलं एक उलटं लाकडी खोकं दाखवून म्हणाला, "बसा. भाभी इथंच बसायची, हुईपर्यंत. मी म्हणायचो, घरी जावा, पोरगं पाठवतो. तर म्हणायची, नको चाचा, एवढंच बसायला मिळतंय. घरी गेलो की उठावं लागतंय."

हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी खोक्यावर बसलो. भट्टीची धग तोंडाला लागत होती. समोर पावांच्या फळ्या होत्या, एक मांजर होतं. ती इथं बसून हेच बघत असणार. मला वाटलं आता तरी काहीतरी होईल. झालं नाही. मी मांजराकडं बघत बसलो.

मध्येच चाचानं ट्रे ओढून फिरवला. "भाभी अर्ध्यात फिरवायला लावायची," म्हणाला. तयार झाल्यावर पोत्याचा तुकडा दिला धरायला. मी तसाच उचलला. बोटांना कळलं नाही.

घरी लेक भिंतीला टेकून बसली होती. मी ट्रे समोर ठेवला, सुरी घेतली आणि मधला तुकडा कापला. चांगला फुगला होता. सगळ्यात मऊ जागा बघून कापला, कारण तिला चावायचा त्रास नको. ताटलीत घालून तिच्यापुढं सारला.

तिनं तुकड्याकडं बघितलं. आधी वासानं तिचं तोंड हललं होतं, ते पुन्हा मिटलं.

"मधला," ती म्हणाली.

"मऊ हाय."

"मला मधला?"

आणि ताटली सारली. अगदी तशीच, चौथ्या दिवशी सारली होती तशी.

मला तेव्हा कळलं. चाचा सकाळी सहज बोलला होता तेच, लेक कवापासनं पावणी झाली. मी मधला तुकडा परत ट्रेत ठेवला. सुरीनं कड सोडवली, जिथं चांगलीच करपली होती तिथली. तिचे दोन तुकडे केले. एक तिच्या ताटलीत ठेवला. दुसरा माझ्या तोंडात घातला.

दारातून आक्का किंचाळली, "अरं! तू सुतकात हाईस! तुला तेरा दिवस—"

"फिटलं माझं बी," मी तोंडात घास असताना म्हटलं. "हिला तीन, तर मला बी तीनच. न्हाईतर दोघास्नी तेरा. काय ते एकच ठेव."

लेक माझ्याकडं बघत होती. मी चावत होतो. तिनं कड उचलली, एक टोक मोडलं आणि तोंडात घातलं. चावलं. गिळलं. मी तिच्या गळ्याकडं बघत होतो, खाली गेलं का ते. गेलं.

मग तिनं तोंड वाकडं केलं.

"आबा, ह्यात मीठ न्हाई."

"व्हय?"

"चिमूटभर बी न्हाई. तुमाला कळंना काय?"

मला कळलं नव्हतं. इतके दिवस अळणी खाऊन मीठ घालायचं असतं हेच डोक्यातून गेलं होतं. दारातून आक्का म्हणाली, "अळणी हाय? चला, तेवढं तरी पाळलंस की रं."

लेक हसली. म्हणजे नाकातून वारा सोडला तेवढंच, पण आक्कानंही ते बघितलं.

"चटणी कुठाय आईची?" लेकीनं विचारलं.

 मी स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला आणि फडक्यातली बरणी काढली. उन्हाळ्यात बायकोनं केलेली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी बसून, मला मिरच्या निवडायला लावून केलेली. अर्धी राहिली होती.

"झालं! तेबी गेलं," आक्का म्हणाली, आणि तिकडं तोंड करून बसली.

लेकीनं बरणीत बोटं घातली. आधी माझ्या तुकड्यावर चटणी लावली, मग स्वतःच्या. आम्ही खाल्लं. तिनं ती कड संपवली, मग सुरी ओढून समोरची कड स्वतःच कापली. मी आपला बसलो होतो. माझ्या जिभेला कांदा लागला नाही, अंडं लागलं नाही. चटणीनं तेवढं चुरचुरलं. तेवढं कळलं.

चारी कडा संपल्या. मधला भाग ट्रेत तसाच राहिला. पावणं कोणी नव्हतंच.