पहिल्या फेरीचा नारळ

दामाजी कोळ्याला पाण्याची भीती कधी वाटली नाही. भरतीच्या तोंडाला, वारा उलटा फिरलेला असताना, डुगडुगत्या होडीत उभा राहून तो विडी पेटवायचा. पण जत्रेत जमिनीवर रोवलेल्या पाळण्यात बसायचं म्हटलं की त्याच्या पोटात खेकडे चालायला लागत. आणि नशिबाची तऱ्हा बघा, कोपरच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात पाळण्यात पहिलं बसायचा मान नेमका त्याच्याच घरात होता.

चैत्रात गावदेवीची जत्रा भरायची. पाळणा उभा राहिला की आधी तो रिकामा फिरवायचा. मग मानकऱ्यानं त्यात बसायचं, दोन्ही तळहात उघडे धरून त्यावर देवीचा नारळ घ्यायचा आणि पाच फेऱ्या मारायच्या. नारळ मुठीत आवळायचा नाही, मांडीत चेपायचा नाही. तळहातावर राहिला तर देवीनं वर्ष पदरात घेतलं. पडला तर खाडी वर्षभर उपाशी ठेवणार, आणि मान, गावजेवणासकट, त्या घरातून उठून भाऊबंदाच्या घरात जाणार. दामाजीच्या आज्यापासून कुणाच्या हातून पडला नव्हता. भाऊबंद म्हणजे नाथा, दामाजीचा धाकटा चुलतभाऊ. मासळी साफ करणाऱ्या बाईसमोर मांजर बसतं तसा तो वर्षानुवर्षं बसून होता.

आजवर निभावलं ते धोंडीबामुळे. धोंडीबाचा पाळणा लाकडी, चार पेट्यांचा, दोन गड्यांनी हातानं ढकलायचा. दामाजी डोळे मिटून बसायचा, गावाला वाटायचं देवीचं नाव घेतोय. धोंडीबाला खरं काय ते ठाऊक होतं. तो गड्यांना हळूच सांगायचा, "म्हातारी म्हस नेता तशी न्या रं." पुढं एका वर्षी शिंगाळा माशाचा काटा लागून दामाजीच्या डाव्या हाताची दोन बोटं वाळली, नीट मिटेनात की उघडेनात. तरी पाळणा असा चालायचा की वाटीतलं पाणी सांडू नये.

एक्याण्णवच्या जत्रेआधी धोंडीबा गेला. त्याच्या पोरांनी पाळणा मोडून लाकडं वखारीत टाकली. गावच्या तरुण मंडळानं शीळफाट्याकडचा एक कंत्राटदार गाठला आणि ड्रॅगनची गाडी ठरवून आले. रुळावरची गाडी, पुढं दात विचकलेलं मुंडकं, चार डबे, मधे टेकाडासारखा चढ आणि त्यापलीकडं घसरगुंडी. मंडळाचा म्होरक्या कोण, तर दामाजीचाच पोरगा गोविंदा. बापाला विचारायची गरजच त्याला वाटली नाही. त्याला वाटलं, बाप खूश होईल, गावात सगळ्यात आधी त्यालाच बसायला मिळणार.

गोविंदा डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होता. तिथं त्याला गोपीनाथ भेटलेला, कळव्याला राहणारा, मूळचा साताऱ्याकडचा. या गोपीनाथला पाळण्यांचं वेड. समुद्रापलीकडं, लाँचनं जावं लागतं तिथं मोठा पार्क झालेला, तिथं तो तीनदा जाऊन आलेला. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी कोळीवाड्यात येऊन उलट्या होडीला टेकायचा, सुके बोंबील भाजून खायचा आणि पाळण्यांच्या गोष्टी सांगायचा. लोकं लग्नाच्या गोष्टी सांगतात तशा.

"पहिल्या डब्यात नुसतं दिसतं रे," तो म्हणाला. "मजा शेवटच्या डब्यात. पुढचे उतरून गेलेले असतात, आपण अजून चढावर. आणि मग असा ओढतो ना, ढुंगण सीटवर राहतच नाही. पोट इथं येतं." त्यानं कंठाला बोट लावलं.

"गेल्या वेळी मी गेलेलो तेव्हा एक माणूस खाली उतरून बायकोलाच ओळखंना," गोविंदा म्हणाला.

"तो नाटक करत असंल. चान्स मारला त्यानं."

पोरं हसली. दामाजी बाजूला जाळं शिवत होता. सुई दोनदा त्याच भोकातून गेली.

"आनि हात?" त्यानं विचारलं. "हात कुठं ठेवाचं?"

"वर करायचे काका. दांडा धरला तो बच्चा," गोपीनाथ म्हणाला.

"आनि हातान काय असंल तर?"

"हातान काय असनार बाबा?" गोविंदा म्हणाला. "घड्याल?"

"नारल."

गोपीनाथनं बोंबलाचं डोकं मोडून कुत्र्याला टाकलं आणि सावकाश म्हणाला, "नारळाचं काय मला माहीत नाही, काका. पण उतारावर हातातलं काही हातात राहत नाही. माझा चष्मा गेलेला."

नाथा पलीकडच्या ओट्यावर पाय पसरून बसलेला. त्याला सगळं ऐकू गेलं. तो उठून आला, गुडघे चोळत उभा राहिला. "दादा, यंदा नारल कोनी फोराचा, आधी सांगून ठेव. म्हंजे मी बायकोला तांदूल निवराया सांगतंय."

"तू तुजं तोंड निवर," दामाजी म्हणाला. पण त्याचा डावा हात लुंगीखाली गेला, आणि नाथानं ते पाहिलं.

त्या दिवसापासून दामाजीचं अन्न तुटलं. बायको मनुबाई डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. घरी येऊन बघते तर कालवण तसंच. एका पहाटे ती उठून धक्क्यावर गेली तेव्हा हा गडी होडीच्या काठावर बसलेला, दोन्ही तळहात पुढं, त्यावर नारळ. भरतीनं होडी वरखाली होत होती, नारळ जागचा हलत नव्हता.

"अवो, नारलाला हवा खाया आनलाव का?"

"हितं राहतो," दामाजी म्हणाला. "हितं काय पन राहतो."

मनुबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तीस वर्षांचा संसार, तिला धोंडीबाइतकंच ठाऊक होतं. "पोराला सांगा. बोला, मना भ्या वाटतं."

"पोराला सांगू? आनि त्यो गोपीनाथाला सांगंल, गोपीनाथ हसंल, आनि नाथा गावजेवन घालंल."

"मंग पडा खाली," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाली. चार पावलांवर थांबली. "त्या पोरांबरोबर येकदा जाऊन बसा त्या पार्कान. पोटाला सवय लागंल. लेकरू पन पहिल्या दिसाला अंगावर पीत नाय."

दामाजीनं हे मनावर घेतलं. गोविंदाला म्हणाला, मना पन बघाचंय तुमचं ते काय हाय. पोरं एवढी खूश झाली की त्यांना संशय आला नाही. तिघं लाँचनं पलीकडं गेले. लाँच हलत होती तोवर दामाजी मजेत. दारावर रखवालदारानं पिशवी उघडली आणि आतून नारळ काढला.

"बाहेरचं खाणं आत नाही."

"खायाचा नाय. बसवाचा हाय."

"कुठं?"

"गारीन."

रखवालदारानं गोविंदाकडं पाहिलं, गोविंदानं आभाळाकडं. शेवटी बाहेर बोरं विकणाऱ्या बाईपाशी नारळ ठेवला आणि आत गेले. गोपीनाथनं आपला पंचा गुंडाळून नारळाएवढा गोळा केला. "हा धरा काका, हा नारळच समजा." आता त्याला सगळं कळलेलं दिसत होतं, पण हसला नाही. पाळण्याच्या बाबतीत तो कुणाला हसायचा नाही.

गाडी वर चढली. दामाजीनं तळहात पसरले, डोळे मिटले. मग खालची जमीन कुणीतरी काढून घेतली. गाडी थांबल्यावर त्यानं डोळे उघडले तेव्हा पंचा नव्हता, आणि त्याचे दोन्ही हात, ती वाळकी बोटंसुद्धा, दांड्याला चिकटलेले. कधी धरला ते त्याला आठवेना. हातांनी त्याला विचारलं नव्हतं.

पुन्हा बसले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं स्वतःला आईवरून शिवी घातली, हात पसरून ठेवले, आणि पहिल्याच उतारावर हात आपले दांड्यावर.

परतीच्या लाँचवर गोपीनाथ म्हणाला, "काका, तुमचा दोष नाही. अंग सुटलं की हात धरतातच. अंगाला कुणीतरी धरून ठेवलं असतं ना, तर हात मोकळे राहिले असते. परदेशात म्हणे खांद्यावरनं पट्टे असतात."

"गावच्या गारीला हायत?"

गोविंदा पाण्याकडं बघत म्हणाला, "नाय बाबा. नुसता दांडा हाय." मग म्हणाला, "मना सांगाचं व्हतं आधी. मी दुसरा पालना आनला असता."

"आता परत धाडशील?"

"विसार दिलाय."

दामाजीला भीती होती ती निदान आजवर अंधारातली होती. आता तिला हात फुटलेले, स्वतःचेच. जत्रेपर्यंत तो हातांकडं असा बघायचा, जसं चोर गडी ठेवलाय घरात.

एकदा पंचांकडं जाऊन त्यानं विचारून पाहिलं, नारळ जाळ्याच्या तुकड्यात बांधून गळ्यात अडकवला तर. म्हाताऱ्या पंचानं तंबाखू थुंकली. "देवीचा नारल जाल्यान? देवी काय बोईट मासली हाय का?" संपलं.

जत्रेच्या दिवशी ऊन असं की रुळाला हात लावला तर चटका. गाडी रिकामी फिरली. ड्रॅगनच्या मुंडक्याला हार घातलेला, दातांना कुंकू. ढोल थांबले. दामाजी पहिल्या डब्यात बसला. त्याच्या मागच्या बाकावर नाथा. भाऊबंदानं मागं बसायचं, नारळ पडला तर साक्षीला, ही पण रीतच. नाथानं नवी गंजी घातलेली, केसाला तेल लावलेलं. जेवणाला आल्यासारखा.

गाडीवाला पोऱ्या म्हणाला, "काका, दांडा पकडो."

"त्यो नाय धरनार," पंच म्हणाला. "चालू कर."

मनुबाई गर्दीत पुढं उभी होती. तिनं पदर तोंडात धरलेला. गोविंदा मोटारीच्या खटक्यापाशी गाडीवाल्याच्या कानात काहीतरी सांगत होता, बहुतेक हळू सोड म्हणून. पण त्या गाडीला हळू नव्हतंच. चालू आणि बंद, दोनच गोष्टी तिला येत होत्या.

तळहातावर नारळ आला. शेंडी बोटांना टोचत होती. गाडी हिसक्यानं निघाली, चढाला लागली. यंदा दामाजीनं डोळे उघडे ठेवले, कारण हातांवर नजर ठेवायची होती. चढ संपला. खाडी दिसली, आपली होडी दिसली, आणि अंग सुटायला लागलं. उजव्या हाताची बोटं वळायला लागली. त्याला दिसत होती वळताना.

तेवढ्यात मागून दोन हात आले.

बाकाच्या पाठीवरून ते आले आणि दामाजीच्या छातीवर एकमेकांत अडकले. दामाजीला वाटलं, मेला नारळ पाडतोय. त्यानं कोपर मागं मारायला घेतलं, आणि त्याच्या कानात आवाज आला, बारीक, पोरासारखा. "दादा, सोरू नको मना. आयव गो. दादूस, सोरू नको."

दामाजीनं त्याला धरलंच कुठं होतं. धरलेलं होतं नाथानंच. असं धरलेलं की दामाजीची पाठ बाकाला खिळली, श्वास घ्यायला जागा उरली नाही. गाडी उतारावर कोसळली आणि दामाजीचं अंग जागचं हललं नाही. अंग सुटलं नाही म्हणून हातही सुटले नाहीत. वळलेली बोटं पुन्हा सरळ झाली. पाचही फेऱ्या नाथा त्याच्या मानेत तोंड खुपसून आईला हाका मारत राहिला, आणि नारळ तळहातावर होता तिथं होता.

गाडी थांबली. ढोल वाजले. नाथाचे हात सोडवायला दोन माणसं लागली. तो उतरला, रुळामागं गेला आणि सकाळची भाकरी तिथं ठेवून आला.

दामाजीनं नारळ देवीपुढं फोडला. खोबरं पांढरंफेक निघालं. मनुबाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "वास कसला येतंय तुमच्या खांद्याला?"

"नाथाच्या तेलाचा."

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण रात्रीच्या जेवणाला, पंगत बसलेली असताना, नाथा उभा राहिला. तोंडावर रंग परत आलेला. "पंचहो, येक बोलतंय. नारल राहिला, देवीची किरपा. पन दादाला धरून कोन बसलेला? समद्या गावानं पायलाय."

गावानं पाहिलं होतं खरं. लांबून नाथाचे हात तेवढे दिसले होते, आवाज गाडीच्या खडखडाटात गेला होता. पंचानं मान हलवली. "बरोबर हाय. त्यानं धरला नसता तर आज कठीन व्हता."

सगळे दामाजीकडं बघायला लागले. त्याच्या जिभेवर आलं होतं, आईच्या नावानं कोण रडत होतं ते. पण ते सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार होता, मग तू कसा राहिलास, धरलं नसतं तर राहिला असतास का. आणि त्याचं उत्तर लाँचवर गोपीनाथनं कधीच देऊन ठेवलेलं. दामाजीनं भाताचा घास घेतला. "व्हय," म्हणाला. "धरलेला त्यानं."

पंचांनी तिथंच ठरवलं. पुढच्या सालापासून मान दोघांचा. एकानं नारळ धरायचा, मागच्यानं मानकऱ्याला धरायचं. खोबरं अर्धं अर्धं. आज विचाराल तर कोळीवाड्यातली पोरं सांगतील, आमच्यात पहिल्यापासून असंच हाय.

जत्रा उठली. पुढच्या सुट्टीला गोपीनाथ आला, उलट्या होडीला टेकला. पार्कात म्हणे नवीन पाळणा येणार होता. "पूर्ण उलटा करतो. डोकं खाली, पाय वर. थांबतो पण म्हणे तसाच."

"मंडलाला विचारतंय मी," एक पोऱ्या म्हणाला. "कंत्राटदार बोल्ला, दोन सालान असला लहान आननार."

गोविंदानं त्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

एका बाजूला दामाजी जाळं शिवत होता, दुसऱ्या बाजूला नाथा विडी ओढत होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. विडी विझली, नाथानं पुन्हा पेटवली, पुन्हा विझली.

"गोपीनाथा," शेवटी नाथाच म्हणाला, सहज विचारल्यासारखा. "त्याच्यान मागच्याला पुरचा मानूस धरता येतो का रं?"

दामाजीची सुई थांबली. तोही ऐकत होता.