रीस म्हटल्याचा दोष

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण कोणी काही सांगितलं की लगेच मान डोलवणारा मी नाही.

आमच्या पोंभुर्ण्याकडं मोह वेचायला जाताना रीस, म्हणजे अस्वल, हे नाव तोंडातून काढत नसत. 'म्हातारा' म्हणत. मोहफुलं त्यालाही आवडतात. एका चैतात, पहाटे झाडाखाली वेचताना, मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "रीस येऊ दे, नाई तर तिचा बाप येऊ दे!"

थोरला भाऊ चिडला. "लई शहाणा झाला काय बे?"

मी रागानं टोपली उचलून दूरच्या झाडाखाली गेलो. थोड्या वेळानं किंकाळी आली. धावत पोहोचलो तेव्हा अस्वल निघून गेलं होतं आणि भावात जीव नव्हता.

यानं नाव घेतलं म्हणून झालं, असं गाव म्हणालं. वहिनीनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी गावाशी भांडत राहिलो. तिनं एक शब्द बोलावा, एवढंच मात्र मनात असायचं.

काही वर्षांनी ब्रह्मपुरीच्या कॉलेजातले एक सर शब्द गोळा करत आले. मी रीस म्हटल्यावर खुश झाले. म्हणाले, रशिया-पोलंडकडच्या लोकांचे पूर्वजही हे नाव घ्यायला भीत. त्यांनी ते टाकलं आणि 'मध खाणारा' म्हणू लागले. त्या 'मध खाणारा'चा मूळ शब्द कुठं लिहिलेला नाही, पंडितांनी आजच्या बोलींवरून जुळवला. रशियातलं 'मेद्वेद' त्याचंच लेकरू, त्यातला 'मेद' म्हणजे आपला मध. अशी लेकरं तिकडं बोलीबोलीत आहेत. "टाकलेलं नाव ते विसरले, भाऊ. इकडं ते राहिलं. संस्कृतात ऋक्ष, तुमच्या तोंडी रीस."

मी विचारलं, "नाव टाकल्यावर तिकडं अस्वलानं माणसं मारणं सोडलं का जी?"

"नाही हो. कसं सोडेल?"

मी तडक वहिनीकडं गेलो. ती अंगणात तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं. "माह्या नाव घेण्यानं नाई गेला तो, वैनी."

"मी कधी म्हटलं नाव घेतलं म्हणून?"

"मग काऊन बोलत नाई?"

"एकानं वेचाचं, दुसऱ्यानं म्हाताऱ्याले पळवाले डबा वाजवाचा, म्हणून तुम्ही दोघं संगं जात होते. त्या दिवशी डबा तुमच्या टोपलीत गेला, भाऊजी."

खरं होतं. गावानं नावाचा दोष दिला तेव्हा मला आतून बरंच वाटलं होतं. त्या दोषाशी भांडता तरी येत होतं.

मी तिथंच खाली बसलो. तिनं सूप जरा बाजूला सरकवलं, एवढंच.