दादाच्या पेडलची सात बटणं

गिटार वाजवणाऱ्यांनो, न वाजवणाऱ्यांनो तुम्हीही, एक विचारायचंय.

दादाला जाऊन उद्या वर्ष होतंय, चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनेची मिस्सा आहे. नंतर निर्मळ गावातल्या आमच्या घरी पाहुणे येणार, म्हणून आज आईने सगळं घर साफ करायला काढलं.

दादा लग्नाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. त्याच्या इक्वलायझर पेडलवर, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डबीवर, वरखाली सरकणारी सात बटणं आहेत. घुमणारा आवाज कमी, मधला वर, असं त्याने लावलेलं. ट्रम्पेटच्या गोंगाटातही त्याची गिटार ऐकू यायची. तो गेल्यापासून मी त्याच पेडलवर वाजवतोय. एकही बटण हलवलं नव्हतं.

दुपारी कामावरून आलो तर पेडल चकचकीत. आई म्हणाली, "बटणं कशीही वरखाली झालेली रे. सगळी एका रांगेत लावली."

अगदी मधोमध, सरळ रेषेत.

फोटो काढला नव्हतास का, असं विचारू नका. नव्हता काढला. आठवून बघितलं, पहिली दोन आठवली, बस.

मग गिटार जोडली. सगळी बटणं मधोमध असली की पेडल आवाजात काहीच बदल करत नाही. पायाने चालू केलं, बंद केलं, परत चालू केलं. सारखंच. रडूबिडू आलं नाही.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "वाजतंय ना नीट?"

"वाजतंय," म्हटलं.

उद्या दादाचे बँडवाले घरी येतील, मला वाजवायला सांगतील. माझ्या जागी तुम्ही असता तर बटणं अंदाजाने लावली असती, की आईने लावली तशीच ठेवली असती?