ती बाई परत आली का?

माझी लेक भांडखोर. शेजारणीशी पाण्यावरून नाही, बापाशी मोबाईलवरून नाही, टीव्हीतल्या एका बाईवरून भांडायची. ती बाई तरी कुठली, तर आकाशात फिरणाऱ्या यानातली. परदेशातली मालिका होती, हिंदीत बोलायला लावलेली. आठ माणसं यानात बसून कुठल्याशा लांबच्या ग्रहाकडं निघालेली, आणि यान चालवणारी ही बाई. शेवटच्या भागात ती यानाचं मागचं दार उघडते, बाहेरच्या अंधारात पाऊल टाकते आणि मालिका तिथंच थांबते. पुढचं काही त्या लोकांनी काढलंच नाही.

मग ती बाई मेली का जगली? ह्याच्यावरून चार वर्षं आमच्या उंबऱ्यावर रणकंदन. माझी लेक आणि तिच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी. सोलापूरच्या पूर्वभागात आमचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत मांडीवर सूप घेऊन मी विड्या वळत बसायची, आणि ह्या तिघी उंबऱ्यावर. आम्ही घरात तेलुगू बोलतो, पण मैत्रिणींपायी हे भांडण कायम मराठीत चालायचं. यानातलं घड्याळ अकरा मिनिटं मागं का? कुंडीतलं रोप पाण्यावाचून एवढे दिवस जगलं कसं? दार आतून उघडत नाही असं सांगितलं होतं, मग उघडलं कसं? एक म्हणायची, ही लिहिणाऱ्यांची चूक. दुसरी म्हणायची, ही मुद्दाम ठेवलेली खूण. आणि दोघीही म्हणायच्या, बाहेर हवाच नाही, बाई मेली.

माझी लेक एकटी पडायची, पण हटायची नाही. "अगं, तिनं जाताना दार मागं ओढून घेतलंय," म्हणायची. "मरायला निघालेली बाई दार ओढून घेते का? तिला परत यायचंय म्हणून ओढलं."

मी वैतागायची. "मेली तर मेली! तिनं तुमचं काय घोडं मारलंय? उठा, चहा ठेवा," असं ओरडायची. आता वाटतं, जीभ का झडली नाही माझी तेव्हा.

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला ती तिसऱ्यांदा बसली होती. तिसऱ्यांदाही नाव लागलं नाही. निकालाच्या दिवशी ती रडली नाही, ओरडली नाही. आतल्या खोलीत गेली, भिंतीकडं तोंड करून आडवी झाली, आणि बोलायचीच थांबली. एक दिवस, दोन दिवस, मग आठवडे. आंघोळ कर म्हटलं की करायची. ताटातले दोन घास खायची, ताट सरकवायची. माझ्या हातची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी म्हणजे तिचा जीव की प्राण. भाकरी तशीच मऊ पडायची.

तिच्या वडिलांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. त्या खडखडाटानं त्यांचे कान अर्धे गेलेत. एक दिवस कामावरून आले, चपला काढल्या आणि मला खुणेनं जवळ बोलावून विचारलं, "ती काही बोलते का? का मलाच ऐकू येईना झालंय?" काय सांगू त्या माणसाला? नाही बोलत म्हणून मान हलवली. ते मोरीत गेले आणि बराच वेळ नुसता नळ सोडून उभे राहिले.

डॉक्टरला दाखवलं. गोळ्या दिल्या. मला बाजूला घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकटं सोडू नका, बोलत राहा, धारेच्या वस्तू लांब ठेवा. विडीवाल्या बाईच्या घरात धारेची वस्तू म्हणजे कात्री. पान कापायला ती दिवसभर हातात लागते. त्या दिवसापासून मी कात्री कमरेला खोचली. काम झालं की खोचायची, झोपताना खोचायची, आंघोळीला जाताना सोबत न्यायची. टोचायची. टोचू दे म्हटलं.

एका दुपारी त्या दोघी मैत्रिणी आल्या. आत गेल्या, हिनं तोंड वळवलं नाही. बाहेर येऊन माझ्यासमोर बसल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. "काय झालं? तोंड उघडा की," मी म्हटलं. मग एकीनं मोबाईल पुढं केला. त्या मालिकेवर भांडणाऱ्या मुलामुलींचा मोबाईलवर एक मोठा गट होता, त्यातून माझी लेक निकालाच्या दिवशी बाहेर पडली होती. जाताना एवढंच लिहून गेली होती: "ती मेली. वाद संपला."

"काकू," ती पोरगी म्हणाली, "चार वर्षं ही एकटीच म्हणत होती की ती जिवंत आहे."

 हातातलं पान सुपात पडलं. मला भौतिक-रसायन काय कळतंय? सातवीत शाळा सुटलेली बाई मी. पण हे वाक्य मला कळलं. माझी लेक त्या बाईबद्दल बोलत नव्हती.

मी दोघींना म्हटलं, मला ती मालिका द्या. कशाला काकू? द्या म्हटलं की! दुसऱ्या दिवशी एकीनं ती बोटाएवढी काडी, पेनड्राइव्ह म्हणतात ती, आणून टीव्हीच्या मागं खोचली, रिमोटवरचं बटण दाखवलं, म्हणाली, बारा भाग आहेत, एक संपला की पुढचा आपोआप लागतो. ती काडी माझ्या लेकीनंच कधीतरी भरून तिला दिलेली.

आणि मी बसले. सूप मांडीवर, डोळे टीव्हीवर. विडी वळायला डोळे लागत नाहीत, बोटांना सगळं पाठ. आमच्या घरात टीव्हीचा आवाज नवऱ्याच्या कानांपायी कायम मोठा. आतल्या खोलीला दार नाही, नुसता पडदा. तिला ऐकू जात होतं, एवढंच माझ्या हातात होतं. मला पुरावा शोधायचा होता, की ती बाई मेली नाही. सापडला की पडद्याआड जाऊन तिच्या कानाशी सांगायचा, असं ठरवलं होतं.

पहिला भाग बरा गेला. माणसं ओळखीची झाली. दुसऱ्याला काही मेळ लागेना. एक म्हातारा मिस्त्री होता, तो मेला. कुंडीतलं रोप वाळून काडी झालं होतं. परदेशातल्यांची गोष्ट सांगायची रीतच अशी धांदलीची असेल, म्हणून गप्प बसले. आणि चौथ्यालाच ती यानवाली बाई उठली, दाराकडं गेली. तिच्या डाव्या अंगठ्यावर जुना पांढरा व्रण होता, कात्रीनं माझ्या अंगठ्यावर पडलाय तसाच. त्या हातानं तिनं दार उघडलं आणि गेली. दार ओढून घेतल्याचा आवाज आला. लेक सांगायची तसाच.

मला सहन होईना. टीव्ही तसाच सोडून मी उठले. मागच्या पडवीत गॅसवर भात होता, तो उतरवला आणि तिथंच ओट्याला डोकं टेकून रडले. तोंडात पदर कोंबून रडले, आवाज आत जाऊ नये म्हणून. वाटलं, संपलं. पुरावा नाहीच. लेकीनं लिहिलेलंच खरं, मी आता तिला काय सांगणार?

डोळे पुसून बाहेर आले, तर टीव्हीवर ती बाई बसलेली! केस विंचरत होती, कोणाशी तरी हसत बोलत होती.

"आली!" मी किंचाळले. "अगं आली की गं! परत आली ती!"

पडदा हलला नाही.

पण माझ्या अंगात बळ आलं. पुढं तर काय, मेलेला मिस्त्री उठून चहा पिताना दिसला, वाळलेलं रोप हिरवंगार. मी एकेक गोष्ट पडद्याला मोठ्यानं सांगायची. "म्हातारा पण आला गं!" "रोपाला पालवी फुटली!" तिचे वडील कामावरून आले की माझ्याकडं बघायचे, मग पडद्याकडं. त्यांना वाटलं असेल, आता दोघींनाही डॉक्टरकडं न्यावं लागतंय.

दहा दिवस असं चाललं. शेवटाकडच्या एका भागात त्या बाईचा डावा अंगठा कापला. भळाभळा रक्त. मी हात थांबवून बघत राहिले. आधी व्रण, मागनं जखम? असं कुठं असतंय? विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली, आणि मग एकदम उलगडा झाला. त्या दारापलीकडं वेळ उलटी वाहते! माणूस बाहेर गेलं की कोरं होऊन परत येतं. जखम व्हायच्या आधीचं होऊन येतं. घड्याळ अकरा मिनिटं मागं, ते ह्याच्यामुळंच! चार वर्षं तीन शिकलेल्या पोरींना जे सुटलं नाही, ते मला सुटलं होतं. सूप बाजूला ठेवून मी पडद्यासमोर जाऊन उभी राहिले आणि कोर्टात वकील बोलतो तसं सगळं मुद्द्यानिशी सांगितलं.

सांगून झालं. 

पडदा सरकला. लेक समोर उभी होती, केसांच्या जटा, डोळे खोल गेलेले.

"अम्मा," ती म्हणाली, "एकानंतर दोन असतो."

आवाज गंजलेला. पण मराठीत बोलली. त्या बाईवरचं भांडण कायम मराठीतच व्हायचं. 

तिनं रिमोट घेतला, यादी उघडली आणि बोट ठेवून दाखवलं. एक, दहा, अकरा, बारा. मग दोन, तीन, चार. "टीव्ही असेच लावतो," ती म्हणाली. "एकानं सुरू होणारे सगळे आधी. तू शेवट आधी बघितलास. ती परत आली म्हणतेस ना, ते सगळं ती जायच्या आधीचं आहे."

जन्मभर मी पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे बांधले, एकदा मोजणी चुकली नाही. आणि इथं एकामागं दहा येतो हे बघितलं नाही. पण लाज वाटायला सवड कुठं होती? मला भीती वाटली.

"म्हणजे आली नाही?"

"नाही."

"आणि तू जे चार वर्षं म्हणत होतीस?"

"चुकत होते," ती म्हणाली, आणि पडद्याकडं वळली.

तेव्हा माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांचं सगळं तोंडाशी आलं. "थांब! कुठं चाललीस? मरायला निघालेली बाई दार ओढून घेते का, हे कोण म्हणायचं? ह्या उंबऱ्यावर बसून कोण माझे कान किटवायचं? तुझे एक-दोन-तीन ठेव तुझ्यापाशी! माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. ती गेली आणि परत आली. केस विंचरत बसली होती. दहा दिवस त्याच्यावर जगतेय मी, आणि तू एका बोटानं पुसून टाकतेस? मी नाही मानत. नाही मानत जा!"

शेवटचं नीट बोलताही आलं नाही. मी खाली बसले आणि पदर डोळ्यांना लावला. पदराला सगळा तंबाखू. डोळ्यांची आग आग झाली, मला काही दिसेना, आणि मी लहान पोरासारखी ओरडायला लागले.

पावलं वाजली. मग तोंडावर गार पाण्याचा हबका. एक हात माझ्या हनुवटीखाली आला, दुसरा डोळ्यांत पाणी मारत राहिला. "चोळू नकोस," ती म्हणत होती. "अम्मा, चोळू नकोस, उघड डोळे."

दिसायला लागलं तेव्हा ती सुपाच्या पलीकडं बसली होती. समोर टीव्हीवर यादी तशीच उघडी. तिनं एक पान उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि हात पुढं केला. "कात्री दे. कापते पानं."

माझा हात कमरेशी गेला आणि तिथंच थांबला. देववेना. पोटच्या पोरीला कात्री देववेना, ह्याच्याएवढं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नाही. "राहू दे," मी म्हटलं. "तू दोरा बांध."

तिनं माझ्या कमरेकडं बघितलं. तिला कळलं. तिनं दोऱ्याचं रीळ जवळ ओढलं. मी विडी वळून द्यायची, ती दोरा गुंडाळायची. सवय गेलेली, गाठ दोनदा सुटली. पाच-सहा विड्या झाल्यावर मान वर न करता तिनं विचारलं, आणि ह्या वेळी तेलुगूत विचारलं.

"तुझ्या टीव्हीवर ती किती वेळानं परत आली?"

"लगेच," मी म्हटलं. "मी भात उतरवून आले, तेवढ्यात."