वासाचं साबण

मुलानं पुण्याहून एक खोकं पाठवलं. आत लाकडी वाटीत दाढीचा साबण, जाड केसांचा ब्रश आणि दाढीनंतर लावायच्या सुगंधी पाण्याची बाटली. वाटीचं झाकण काढलं तसा चंदनाचा वास खोलीभर झाला. खोक्यावरची किंमत त्यानं पेनानं खोडली होती, पण खोडलेलं वाचायची सवय मला सरकारी नोकरीनं लावली आहे. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर असल्या गोष्टी वापरल्या. खरं सांगा, एवढे पैसे घालण्यासारखं असतं का त्यात? का नुसती हौस?"

"वापरून सांगतो," मी म्हणालो.

पंधरा दिवस वापरला. उत्तर देता येईना. कारण या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर माझ्या वडिलांबद्दल मी पसरवलेली एक गोष्ट आधी मोडावी लागते. आमच्या घराण्यात लहानथोर सगळे सांगतात की आबांना सुगंध चालत नसे. साधा माणूस, अत्तर नाही, उदबत्ती नाही, काही नाही. ते खोटं आहे. ते मी रचलेलं आहे.

आधी साबणाचं सांगतो, कारण त्यातलं मला खरोखर कळतं. आमच्या संभाजीनगरात दाढीची पहिली अडचण साबण नसून पाणी आहे. नळ आठवड्यातून एखाद्या वेळी येतो, बाकीचे दिवस बोअरचं पाणी. त्या पाण्यात साबण कितीही घासा, फेस येतो तो दुधावरच्या विरळ सायीसारखा आणि गालावर ठरत नाही. म्हणून मी नळाच्या पाण्याची एक कळशी दाढीपुरती वेगळी झाकून ठेवतो. बायको होती तोवर म्हणायची, "देवाच्या पूजेला बोअरचं पाणी आणि यांच्या गालाला नळाचं." छावणीतल्या बाजारात मिळणाऱ्या गोल वड्या, ट्यूबमधली क्रीम, डब्यातून फुसकन बाहेर येणारा तयार फेस, सगळं करून झालं. चेहरा कोमट पाण्यानं नीट भिजवला आणि ब्रश दोन मिनिटं शांतपणे फिरवला तर साधी वडीसुद्धा चांगलं काम करते. महाग साबणानं पातं अडखळत नाही, नंतर आग होत नाही आणि वास अंघोळीपर्यंत सोबत राहतो. दाढी मात्र तीच होते.

अत्तराचंही तसंच. शहागंजच्या बाजूला एका बोळात अत्तराचं लहानसं दुकान होतं. पहिला पगार झाला तेव्हा मी तिथं गेलो आणि रुबाबात हिना मागितला. एप्रिल महिना होता. दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"गर्मी में हिना नक्को, साब. खस लेव. हिना लगाके दफ्तर गए तो बाजूवाला कुर्सी सरकाएगा."

त्यांनी खसाची, म्हणजे वाळ्याच्या अत्तराची, काडी माझ्या मनगटाला लावली, कापसाचा छोटा फाया करून कानाच्या पाळीमागे बसवला, आणि मी तरंगत ऑफिसात गेलो. पुढे चाळीस वर्षं हिवाळ्यात हिना आणि उन्हाळ्यात खस हा नेम मी मोडला नाही. तेव्हा हौशीला पैसे लागतात याची मला कधी खंत नव्हती. ही हौस माझ्यात आली कुठून, एवढंच मी लपवलं.

आमचं गाव फुलंब्रीजवळ. आबांची दाढी आठवड्यातून एकदा, लिंबाखाली, न्हाव्यासमोर उकिडवं बसून व्हायची. साबण नसायचाच. न्हावीदादा ओंजळभर पाणी गालावर चोळून चोळून केस मऊ करायचा आणि मग वस्तरा लावायचा. घरात साबण दोन तऱ्हेचा. कपड्याचा तो नुसता साबण. कागदात गुंडाळून येणारा, तोंडाला लावायचा, तो 'वासाचं साबण'. तेलही तसंच, गोडं तेल आणि वासाचं तेल. दिवाळीत वासाच्या साबणाची एक वडी यायची आणि आई दोऱ्यानं तिचे तुकडे पाडायची. वडीचा कागद आबा घ्यायचे. तो त्यांच्या घडीच्या धोतरात जायचा आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिथंच राहायचा. परसात मरवा लावलेला होता. शेतावर जाताना त्याची एक काडी ते टोपीत खोवायचे. कणीस भाजताना, गूळ फोडताना, नवं कापड उलगडताना आधी नाकाशी न्यायचे. असा माणूस.

शिकायला शहरात आलो तेव्हा वसतिगृहात मी एकाकडे 'वासाचं साबण' मागितलं. खोलीतली पोरं लोटपोट झाली. शहरातल्या मराठीत वास येतो तो उंदीर मेल्यावर, किंवा मोज्यांना. चांगला असेल तर सुगंध म्हणायचं असतं. आठ दिवसांत मी तो शब्द टाकून दिला. आबांच्या तोंडून तो काढायचं मात्र माझ्या हातात नव्हतं.

मी पाटबंधारे खात्यात लागलो, सरकारी क्वार्टर मिळालं, आणि काही वर्षांनी आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले. एका डोळ्यावर पट्टी. रोज सकाळी मी ओसरीत आरसा टांगून दाढीला बसलो की ते पाट ओढून शेजारी बसायचे. वाटीच्या कडेला लागलेला फेस बोटावर घ्यायचे आणि वास घ्यायचे.

"लई वासाचं हाय रं हे. जरा मलाबी लाव की."

"आबा, डोळ्याला झोंबेल."

"डोळ्याला कशाला लावतो? गालाला लाव."

"डॉक्टरला विचारून लावू."

डॉक्टरला मी कधी विचारलं नाही. खरं कारण हे की आठवड्याचे पांढरे खुंट वाढलेल्या त्या गालावर माझा नवा ब्रश फिरवायचं माझ्या जिवावर आलं होतं. बायकोच्या ते लक्षात आलं. स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, "एकदा लावून द्या की. ब्रश धुता येतो."

"रविवारी लावतो," मी म्हणालो.

त्या रविवारी माझ्या तोंडाला फेस असतानाच आमचे नवे साहेब दारात उभे राहिले. पुण्याचे होते, नुकतीच बदली होऊन आले होते, कसल्याशा फायलीची चौकशी करायला सहज डोकावले. माझी धांदल उडाली. टॉवेल शोधत होतो तेवढ्यात आबांनी हात जोडले आणि मुलाचं कौतुक साहेबांच्या कानावर घालायची संधी साधली.

"या साहेब, बसा. आमच्या पोराचं साबण लई वासाचं हाय बरं. पार गल्लीच्या तोंडापस्तोर वास येतोय."

साहेब खो खो हसले. "अहो, वडिलांची तक्रार आहे तुमच्या साबणाबद्दल! गल्लीभर वास मारतोय म्हणतात."

आबा गोंधळून माझ्याकडे पाहायला लागले. मी एवढंच म्हणायला हवं होतं की साहेब, आमच्याकडे सुगंधी साबणाला वासाचं म्हणतात, ते स्तुती करताहेत. एक वाक्य. पण ते म्हणताना 'आमच्याकडे' म्हणावं लागलं असतं. मी म्हणालो, "हो ना साहेब. आबांना सुगंध सहनच होत नाही. डोकं धरतं त्यांचं. फार साधं राहणं आहे."

"वा! अशी माणसं आता राहिली कुठं?" साहेब म्हणाले आणि आबांकडे वळले. "खरं का हो आजोबा?"

आबांचा उघडा डोळा माझ्यावर होता. क्षणभरच.

"व्हय साहेब," ते म्हणाले. "मला नाय चालत वास."

साहेब चहा घेऊन गेले. दुपारी मला कसंतरी वाटायला लागलं. गरम पाणी, वाटी, ब्रश सगळं घेऊन मी त्यांच्यापुढे बसलो. "आबा, चला, दाढी करून देतो."

"नगं."

"का?"

"मला चालत नाय म्हणलास नव्हं साहेबाला? उद्या त्यो आला अन् माझ्या तोंडाला वास आला, मंग?"

त्यांनी हे चिडून म्हटलं नाही. मला समजावून सांगावं तसं म्हटलं. ते चिडले असते तर मी माफी तरी मागितली असती.

त्यानंतर आठ वर्षं ते जगले आणि आठही वर्षं त्यांनी माझा शब्द खरा केला. लग्नात अत्तरदाणी घेऊन पोरी पंगतीतून फिरायच्या, तर हा माणूस हात मागे घ्यायचा. "मला नाय चालत, बाई." पुढे पुढे मी समोर नसलो तरी तसंच. टोपीतली मरव्याची काडी गेली. आणि मी काय केलं? सुरुवातीला गप्प बसलो. नंतर मलाच ती गोष्ट आवडायला लागली. मुलांना सांगितली, व्याह्यांना सांगितली, माझ्या निवृत्तीच्या समारंभात माईकवर सांगितली. अंगाला खस लावून वडिलांच्या साधेपणाची गोष्ट सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे सगळं मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आणि साबणाचं?"

"साबण चांगला आहे. पैसे वाया गेले नाहीत. ज्याला वास आवडतो त्याला तो मिळावा, त्यात चैन काही नाही. पण अमक्याला त्यातलं काय कळतंय, असं कुणाबद्दल ठरवून टाकू नकोस."

"आत्याला सांगितलंत का हे?"

माझी मोठी बहीण सिल्लोडला असते. ऐंशी ओलांडली आहे. आबांचे शेवटचे दोन महिने तिच्याकडे गेले आणि त्यांची तिथी तीच करते. त्या दिवशी तिच्या घरात उदबत्ती लागत नाही. फोटोला फक्त जास्वंद, कारण जास्वंदीला वास नसतो. स्वतः आक्का मोगऱ्याची वेडी, पण त्या दिवशी अंगणातल्या मोगऱ्याचं फूल कुणाला तोडू देत नाही. हे सगळं माझ्या एका वाक्यावर उभं होतं. तिथी महिन्यावर आली होती. मी बस पकडून सिल्लोडला गेलो.

ती ओट्यावर तूर पाखडत होती. मी शेजारी बसलो आणि जे होतं ते सांगितलं, साहेबांच्या हसण्यासकट. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. फक्त सूप खाली ठेवलं.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "टोपीत मरवा खोवणारा माणूस असा कसा बदलला? म्हणलं, म्हातारपणी व्हत असंल."

"चुकलं माझं, आक्का."

"तुझं चुकलं ते तू बघ. माझं काय? शेवटी शेवटी पडून पडून त्यांच्या अंगाला वास यायला लागला व्हता. माझी सून म्हणली, आत्या, जरा गुलाबपाण्यानं पुसून घेते, पावडर लावते. मी वरडले तिच्यावर. म्हणलं, खबरदार, त्यांना नाय चालत."

"आबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? भिंतीकडं तोंड केलं त्यांनी."

आत नातवंडांचा टीव्ही चालू होता. आक्कानं पदरानं डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "तो साहेब कुठाय आता?"

"माहीत नाही. दोन वर्षांनी बदलून गेला."

"बघ," ती म्हणाली. पुन्हा सूप उचललं. मी निघेपर्यंत तिनं एवढंच सांगितलं, "मी कुणाला सांगणार नाय. तिथीला ये अन् तूच सांग."

तिथीला गेलो. घर भरलेलं होतं. भाचे, भाचेसुना, त्यांची पोरं. पानं वाढायच्या आधी आक्कानं मला फोटोजवळ उभं केलं आणि मी सांगायला लागलो. 'वासाचं साबण' म्हटल्याबरोबर कॉलेजात जाणारी दोन पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत फिसकन हसली.

"हसू नका," आक्का म्हणाली. "ह्याच हसण्यापायी झालंय सगळं."

मग कुणी हसलं नाही. मी शेवटपर्यंत सांगितलं. ज्या सुनेवर आक्का तेव्हा ओरडली होती, ती आता स्वतः सासू झाली आहे. ती दारातच उभी होती. ती अंगणात गेली आणि ओंजळभर मोगरा तोडून आणला. फोटोपुढे ठेवण्याआधी तिनं आक्काकडे पाहिलं. आक्कानं मान हलवली. मला वाटलं, आता झालं. मी पाटावर बसायला लागलो.

"बसतोस कुठं?" आक्का म्हणाली. "इतक्या वर्षांत सगळ्या आळीला मी हेच सांगत आलेय, माझ्या बापाला वास चालत नव्हता म्हणून. जा, त्यांनाबी सांगून ये. पानं थांबतील."

"आत्ता? आक्का, लोक काय म्हणतील?"

"पुन्हा तेच का?"

मी चपला घातल्या. माझा हात धरायला आक्कानं एका भाच्याला सोबत दिलं. पहिल्या घरी तिच्या वयाची म्हातारी होती, तिनं "व्हय का, बाई!" म्हणून गालाला हात लावला. दुसऱ्या घरच्या मास्तरांनी मला बसवून पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिसऱ्या घरात नवीन भाडेकरू आले होते, कन्नड तालुक्याकडचे. तरुण नवराबायको, कडेवर लहान मूल. आबा त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. भाचा म्हणाला, "मामा, चला पुढं, ह्यांना काय सांगायचं?"

दार उघडून ती दोघं माझ्याकडे पाहत उभी होती. मी त्यांना सांगितलं, "पलीकडच्या घरातल्या आजींचे वडील, म्हणजे माझे वडील. त्यांना सुगंध फार आवडायचा."

"हो का?" तो मुलगा म्हणाला. "या ना, आत या."